शिक्का परतीचा (लेखांक ७)

गेल्या लेखांकात लंडन आणि न्यू जर्सीतल्या मराठी घरांचा प्रश्न घेतला होता. ब्रिटनमध्ये कायमच्या वास्तव्याची परवानगी मिळालेला माणूस सलग दोन वर्षांहून अधिक काळ बाहेर राहिला की ती परवानगी आपोआप संपते. मग ‘रिटर्निंग रेसिडेंट’ व्हिसासाठी अर्ज करायचा आणि आपली माणसं, घर, कामधंदा अजून तिथेच आहे हे अधिकाऱ्याला पटवायचं. अमेरिकेत ग्रीन कार्डवाल्याला एक वर्षाची मर्यादा. त्याहून लांबणार असेल, तर री-एंट्री परमिटचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. आईच्या आजारपणासाठी नागपूरला आलेला मुलगा इथे बसून तो करू शकत नाही.

या आठवड्यात चित्र उलट करून पाहू. इथेच जन्मले, इथल्या शाळेत शिकले, मराठी-हिंदी घरच्यासारखी बोलतात, आणि तरीही परदेशी गेले तर भारतात परत येण्यासाठी ज्यांना वेगळी परवानगी लागते, असे लोक गोंदिया जिल्ह्यातच आहेत.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात, महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी आणि दर्ग्यासाठी प्रसिद्ध असलेल्या प्रतापगडाजवळ नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. इटियाडोहचं धरण असलेलं गोठणगाव जवळच. १९५९ नंतर दलाई लामांच्या मागोमाग आलेल्या निर्वासितांसाठी देशात ठिकठिकाणी वसाहती उभ्या राहिल्या. कर्नाटकातलं बैलकुप्पे त्यात सर्वांत गाजलेलं. आपल्याकडची ही वसाहत १९७२ची. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला, पण तिबेटी लोकांच्या बोलण्यात आणि त्यांच्या निर्वासित प्रशासनाच्या कागदांत ही वसाहत अजूनही ‘भंडारा’च आहे.

इथल्या माणसाचा पहिला कागद म्हणजे आरसी, नोंदणी प्रमाणपत्र. कायद्याच्या लेखी तो विदेशी, म्हणून जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे त्याची नोंद असते. पूर्वी ती बहुतेकांना दरवर्षी नवी करून घ्यावी लागे, आता साधारण पाच वर्षांनी. दुसरा कागद आयसी, म्हणजे आयडेंटिटी सर्टिफिकेट. पासपोर्ट कार्यालयाकडून मिळणारी ही पिवळ्या मुखपृष्ठाची पुस्तिका पासपोर्टसारखी दिसते, पण ती पासपोर्ट नव्हे. पासपोर्ट देणारं सरकार ‘हा माझा नागरिक आहे, त्याला मी परत घेईन’ असं जगाला सांगत असतं. आयसी एवढंच सांगते की हा माणूस अमुक आहे आणि भारतात राहतो. १९५१च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही, त्यामुळे त्या करारातला निर्वासितांचा प्रवास-दस्तऐवजही इथे मिळत नाही.

आयसी परत घेण्याचं वचन स्वतःहून देत नाही, म्हणून ते वचन वेगळं मिळवावं लागतं. त्यालाच ‘नोरी’ म्हणतात: भारतात परतण्यास हरकत नाही, अशी नोंद. शिवाय निघण्यापूर्वी विदेशी नोंदणी कार्यालयाकडून एक्झिट परमिट आणि परतीचा व्हिसा. ही कामं आता बरीचशी ऑनलाइन होतात, पण क्रम जुनाच आहे: आधी परतीची सोय, मग विमान. इतर देशांचे दूतावासही हेच आधी तपासतात. ज्याला परत जायला देश नाही, त्याला पर्यटक म्हणून कोण आत घेईल? परतीची नोंद नसताना बाहेर पडलेल्याला भारतीय वकिलातीत जाऊन, एखाद्या परक्या माणसासारखा, व्हिसा मागावा लागतो.

लांबच्या मुक्कामाची खरी अडचण आरसीशी आहे. आयसी आरसीच्या आधाराने मिळते, आणि आरसीची मुदत माणूस बाहेर असताना संपली तर सगळी उतरंड हलते. ब्रिटनमध्ये परतणारा निदान ‘माझी मुळं इथे आहेत’ असा युक्तिवाद करू शकतो. प्रतापगडच्या माणसाचं घर, शेत, आईवडील सगळं इथे असलं, तरी विचारलं जातं ते मुदतीबद्दल. मला हा फरक फार बोचतो. नियम कडक असल्याचं दुःख नाही. वास्तव्याला त्यात वजनच नाही, याचं आहे.

आता यातला सर्वांत गुंतागुंतीचा भाग. १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ३ प्रमाणे २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच नागरिक ठरते. आईवडील कोण, हा प्रश्न येत नाही. म्हणजे नॉर्ग्येलिंगमध्ये १९७५ साली जन्मलेली ताई भारतीय, आणि १९९०चा तिचा धाकटा भाऊ विदेशी! त्या ताईचं १९९८ साली भारतात जन्मलेलं मूल मात्र आईच्या नागरिकत्वामुळे भारतीय, कारण १ जुलै १९८७ पासून ३ डिसेंबर २००४ पूर्वी जन्मलेल्यांसाठी आईवडिलांपैकी एक नागरिक असला तरी पुरत होतं. एकाच चुलीवर जेवणाऱ्या घरात मामा विदेशी आणि भाचा भारतीय.

कायद्यात हे पहिल्यापासून होतं, पण पासपोर्ट कार्यालयं मानत नव्हती. नामग्याल डोलकर यांच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१०मध्ये निकाल दिला, आणि फुंत्सोक वांग्याल व इतरांच्या याचिकांवर सप्टेंबर २०१६मध्ये पुन्हा स्पष्ट सांगितलं की असे अर्जदार नागरिकच आहेत. त्यानंतर मार्च २०१७मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पासपोर्ट द्यायचं ठरवलं, पण अटी घातल्या: आरसी आणि आयसी रद्द करून घ्या, तिबेटी वसाहतीत राहू नका, निर्वासित म्हणून मिळणारे लाभ सोडा. नागरिकत्व मान्य करायचं आणि त्यासाठी घर सोडायला लावायचं, हा सौदा मला न्यायालयाच्या निकालाशी सुसंगत वाटत नाही.

आणि जे कायमचे गेले त्यांचं काय? अमेरिकेने १९९०च्या कायद्याने भारत-नेपाळमधल्या एक हजार तिबेटींना व्हिसा देऊ केले, आणि त्यानंतर देशातल्या वसाहतींतून बाहेर जाणाऱ्यांची रांग वाढतच गेली. अमेरिकी नागरिक झालेल्या नागपूरकराला ओसीआय कार्ड मिळतं आणि तो आयुष्यभर व्हिसाशिवाय ये-जा करतो. ओसीआयची मुख्य अट मात्र स्वतः किंवा पूर्वज भारताचे नागरिक असण्याची. त्यामुळे आईवडील आणि तो, सगळे कागदोपत्री विदेशीच असलेला नॉर्ग्येलिंगचा मुलगा अमेरिकी पासपोर्टवर आईला भेटायला येतो, तेव्हा त्याला साधा पर्यटक व्हिसा घ्यावा लागतो, आणि त्याची मुदत संपण्याआधी परत जावं लागतं.