जागृतीनंतरची सतरा वर्षं : पंडिता रमाबाई आणि श्रद्धेतला नेम

आजचा विषय मागच्या व्याख्यानानंतर आलेल्या एका प्रश्नातून निघाला आहे. प्रश्न असा होता : वीस वर्षांपूर्वी एका संजीवन सभेत मला देव अगदी जवळ आल्यासारखा वाटला, रडू आवरत नव्हतं. आता प्रार्थनेला बसतो तर काहीच होत नाही, नुसती सवय म्हणून बसतो. माझा विश्वास मेला का?

हा प्रश्न विचारायला धीर लागतो. मंडळीत सहसा कोणी तो मोठ्यानं विचारत नाही. शेजारचा माणूस डोळे मिटून, हात वर करून गात असतो, आणि आपल्याला वाटतं की कोरडे फक्त आपणच. मी काही पाळक नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे उपदेश करणार नाही. पण प्रश्न उलगडून पाहता येईल, आणि त्यासाठी उदाहरण आपल्या मराठीतलंच घेऊ.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. नवरा आदल्याच वर्षी वारलेला, पदरात अडीच वर्षांची मनोरमा. आपण समजतो की धर्मांतर हेच त्यांच्या श्रद्धेचं शिखर. पण 1907 साली त्यांनी स्वतःच्या विश्वासाची जी साक्ष लिहिली, तीत त्या वेगळंच सांगतात. बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही. म्हणजे ज्याला आपण शिखर समजत होतो ती पायरीच निघाली. ही 1891 च्या सुमाराची गोष्ट.

पुढे 1896-97 चा दुष्काळ आला. त्या तेव्हाच्या मध्य प्रांतात आल्या (आपला भंडारा जिल्हाही त्याच प्रांतात होता बरं का) आणि उपाशी मुली, विधवा अशा शेकडोंना केडगावला घेऊन गेल्या. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या. केडगावचं मुक्ती सदन असं भरत गेलं.

आणि मग जून 1905. आदल्या वर्षी वेल्समध्ये मोठी धार्मिक जागृती झाली होती, तिच्या बातम्या केडगावात पोचल्या होत्या. रमाबाईंनी त्या वर्षाच्या सुरुवातीपासून प्रार्थनेसाठी मुलींचा गट जमवला होता. जूनमध्ये मुलींमध्ये एकाएकी जागृती पसरली. तासन् तास प्रार्थना, मोठ्यानं रडणं, पापांची कबुली. पेंटेकॉस्टल चळवळीचा इतिहास लिहिणारे आज लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटबरोबर केडगावचंही नाव घेतात, आणि केडगावची घटना त्याच्या आदल्या वर्षीची आहे. मराठी मुलखात ख्रिस्ती श्रद्धेनं इतका मोठा उत्सव क्वचितच पाहिला असेल.

व्याख्यानांत, पुस्तकांत गोष्ट इथेच थांबते. मला मात्र 1905 नंतरची सतरा वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात.

त्या वर्षांत रमाबाईंनी काय केलं? बायबलचं मराठी भाषांतर. कलकत्त्यात 1878 साली 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळवलेली ही बाई चाळिशी उलटल्यावर हिब्रू आणि ग्रीकच्या व्याकरणाला बसली. खेड्यातल्या, जेमतेम अक्षरओळख असलेल्या बाईला कळेल असं बायबल त्यांना हवं होतं. छापखाना मुक्तीतच होता. ज्या मुली दुष्काळातून आल्या, त्याच खिळे जुळवत होत्या. ऐकू कमी येऊ लागलं, तब्येत खालावली. ज्या मनोरमेवर संस्थेची भिस्त होती ती जुलै 1921 मध्ये गेली. काम थांबलं नाही. भाषांतर पुरं झालं, आणि थोड्याच दिवसांत, 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई वारल्या. छापील ग्रंथ पुरता बाहेर आला तोवर 1924 साल उजाडलं होतं. आणि पुढे? ते भाषांतर मंडळ्यांमध्ये फारसं रुळलं नाही. बायबल सोसायटीचंच चालत राहिलं.

आता सांगा, हिब्रू क्रियापदांची रूपं पाठ करताना रोज डोळ्यांत पाणी येत असेल का? मला नाही वाटत. पण 1905 ची जागृती खरी होती का, याचा पुरावा मला तिथल्या रडण्यात दिसत नाही, या व्याकरणात दिसतो.

इथे तत्त्वज्ञानाचा एक मुद्दा येतो. कांटनं 1785 साली दाखवून दिलं की भावना म्हणून असलेलं प्रेम आज्ञेनं निर्माण करता येत नाही. 'अमुक वाटून घे' अशी आज्ञा देता येत नाही, 'अमुक कर' अशी देता येते. बायबल वाचतानाही हे ध्यानात ठेवावं. प्रकटीकरणाच्या पुस्तकात इफिसच्या मंडळीला ठपका मिळतो की तुम्ही पहिलं प्रेम सोडलं. उपाय काय सांगितला आहे? कुठून घसरलात ते आठवा, मागे फिरा आणि पूर्वीची कामं पुन्हा करा. पूर्वीसारखं वाटून घ्या, असं तिथे कुठेही नाही.

मग त्या आठवणीचं काय करायचं? दोन उदाहरणं घ्या, दोन्ही जुन्या करारातली. वल्हांडण हा आठवणीचाच सण आहे. पण त्यात माणसं काहीतरी करतात : जेवतात, मुलाला गोष्ट सांगतात. दुसरीकडे मोशेनं रानात केलेला पितळी साप. त्याच्याकडे पाहून लोक वाचले होते, म्हणजे अनुभव खराच. पण पुढे पिढ्यान् पिढ्या लोक त्याच्यापुढे धूप जाळत बसले, आणि शेवटी हिज्कीया राजानं तो फोडून टाकला. अनुभव तोच खरेपणाचा, पण एक कामाला लावतो, दुसऱ्याची मूर्ती होते. जे लोक एका संजीवन सभेकडून दुसऱ्या संजीवन सभेकडे, एका शिबिराकडून दुसऱ्या शिबिराकडे तोच क्षण पुन्हा मिळावा म्हणून धावतात, त्यांच्याबद्दल मला सहानुभूती आहे. त्यांना धावायला लावणाऱ्या आयोजकांबद्दल नाही.

आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. धानाचे पऱ्हे कसे हिरवेगार दिसतात! उपटून रोवणी केली की तेच रोप काही दिवस पिवळं पडतं, मान टाकतं. नवखा माणूस म्हणेल, गेलं. जुना शेतकरी पाणी बघतो आणि थांबतो. मुळं धरत असतात. दाखला दाखल्यापुरताच, कारण काही रोपं खरोखर मरतातही. त्याकडे येतोच.

सोळाव्या शतकात स्पेनच्या योहाननं, म्हणजे क्रूसाच्या संत योहाननं, या काळाला आत्म्याची काळी रात्र म्हटलं. मदर तेरेसांचं उदाहरण तर आपल्याच काळातलं. 10 सप्टेंबर 1946 रोजी दार्जिलिंगला जाणाऱ्या गाडीत त्यांना हाक आली, आणि काम सुरू झाल्यावर जवळपास मरेपर्यंत आत अंधार राहिला. त्यांची पत्रं 2007 साली प्रसिद्ध झाली तेव्हा काहींनी त्यांना ढोंगी ठरवलं. मला तो निष्कर्ष उथळ वाटतो. ढोंगी माणूस नसलेला अनुभव मिरवतो. या बाईनं नसलेलं काही मिरवलं नाही, नेम मात्र चुकवला नाही.

नेम हा शब्द मी मुद्दाम वापरतो. आपल्या वारकऱ्याला कोणी विचारत नाही की यंदा पंढरीत तुला काय वाटलं. वारी चुकवली नाहीस ना, एवढंच विचारतात. ना. वा. टिळकांसारखा ख्रिस्ती कवी तुकोबांच्या वाटेनं ख्रिस्तापर्यंत आलो असं म्हणायचा, त्यामागे भक्तीची ही समजही असणार.

पण यावर एक रास्त आक्षेप आहे. नेमाचं ओझं झालं तर? आतून कधीच संपलेलं असताना माणूस नुसता हजेरी लावत राहिला तर? गाब्रिएल मार्सेल या फ्रेंच तत्त्वज्ञानं इथे एक उपयोगी भेद केला आहे. तो म्हणतो, सातत्य वेगळं आणि निष्ठा वेगळी. सातत्य म्हणजे मी बदललो नाही. निष्ठा म्हणजे मी कोणासमोर तरी हजर आहे. नवरा घरी वेळेवर येतो पण बायकोकडे पाहतही नाही, तिथे सातत्य आहे, निष्ठा नाही. तेव्हा ज्यानं प्रश्न विचारला त्याला मी उलट विचारेन : त्या कोरड्या प्रार्थनेत तुम्ही अजून कोणाशी तरी बोलता का? तक्रार करत असाल तरी चालेल. कर्मेल डोंगरावरच्या विजयानंतर एलीया झुडपाखाली पडून मरण मागत होता, पण मागत देवाकडेच होता. ते बोलणं सुरू असेल तर रोप जिवंत आहे. बोलणंच थांबलं असेल तर ते प्रामाणिकपणे स्वतःशी मान्य करावं. खोटं रडू आणून ते सुरू होत नाही.

आणि निष्ठा म्हणजे जागा न सोडणं असंही नाही. टिळकांनाच घ्या. राजनांदगावला जाताना गाडीत भेटलेल्या एका गोऱ्या प्रवाशानं त्यांना नवा करार दिला. नागपूरहून राजनांदगावला जाणारी ती लाइन आपल्या वरठीवरूनच जाते. 1895 साली बाप्तिस्मा झाला, मिशनची नोकरी, मानसन्मान, कविता, सगळं नीट चाललं होतं. 1917 साली पंचावन्न उलटलेली असताना त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. जुन्या अनुभवाशी प्रामाणिक राहायला त्यांना जुनी चौकट मोडावी लागली. 9 मे 1919 रोजी ते गेले. 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं.

ज्यांना असं शिखर कधी आलंच नाही, त्यांच्यासाठी लक्ष्मीबाई टिळक आहेत. 'स्मृतिचित्रे' वाचा. नवऱ्याच्या धर्मांतरानं त्या कोसळल्या होत्या. सोवळंओवळं हळूहळू, एकेक घोट पाण्यानं सुटत गेलं, आणि 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. गाडीतला प्रवासी नाही, हाक नाही, जूनची रात्र नाही. शाळेचं शिक्षण तर जवळजवळ नव्हतंच. 'ख्रिस्तायन' पुढे नेलं ते त्यांनी.

वेळ झाली आहे. प्रश्न असतील तर आता घेऊ.