तासाला वही, घरी मोबाईल

बीड जिल्ह्यातून ऊसतोडीचे कोयते ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघतात आणि पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये परततात. अशा घरांतून आणि इथल्या पारधी वस्त्यांतून एखादा मुलगा कॉलेजात पोहोचतो, तेव्हा बहुधा तो घराण्यातला पहिलाच असतो. घरी बोली, शाळेत मराठी, आता सायन्सचा तास इंग्रजीत. सरांचे ऐकायचे की फळ्यावरचे उतरवायचे? बहुतेक मुले उतरवतात. घरी येऊन वही उघडली की त्यातले काही कळत नाही, आणि विचारायचे तरी कोणाला?

इथे एआय, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता, उपयोगी पडते. सरांच्या परवानगीने तास मोबाईलवर ध्वनिमुद्रित केला, तर ती त्याचा लेखी मजकूर करून देते आणि अवघड भाग सोप्या मराठीत सांगते. भाषांतरासाठी केंद्र सरकारचे ‘भाषिणी’ आहे. आदिवासी भाषांसाठी 2025 मध्ये ‘आदि वाणी’ आले. त्यात सुरुवातीला संथाली, भिली, मुंडारी व गोंडी या भाषा घेतल्या. पारधी बोली त्या चारांत नाही, म्हणून आपल्या वस्त्यांवरच्या मुलांना मराठीवरच भागवावे लागते.

मात्र सगळे टिपण मोबाईलवर सोपवू नये. 2014 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लॅपटॉपवर टिपणारे विद्यार्थी शब्दन् शब्द उतरवत होते, पण संकल्पनांच्या प्रश्नांत हाताने लिहिणाऱ्यांच्या मागे पडले. नंतरच्या सर्वच प्रयोगांत एवढा फरक दिसला नाही. तरीही ऐकलेले आपल्या शब्दांत आखडून लिहिताना डोके चालवावेच लागते, हे कोणताही शिक्षक सांगेल.

म्हणून तासाला वहीच. पानाच्या डावीकडे चार बोटे जागा सोडावी, उजवीकडे मुद्दे लिहावेत. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या वॉल्टर पॉक यांनी रूढ केलेली ही जुनी रीत आहे. घरी आल्यावर पानाचा फोटो एआयला द्यावा. “सारांश कर” असे म्हणण्याऐवजी “यावर मला पाच प्रश्न विचार, उत्तर लगेच सांगू नकोस” असे सांगावे. तेच प्रश्न डावीकडच्या जागेत उतरवावेत आणि अडलेल्या प्रश्नावर खूण करावी.

एआय चुकते, तेही मोठ्या आत्मविश्वासाने. सूत्रे, आकडे, रासायनिक नावे पुस्तकाशी ताडूनच घ्यावीत.

आपल्यापैकी कोणी निवृत्त शिक्षक असेल, तर आठवड्यातून एक संध्याकाळ या मुलांसोबत बसावे. खुणा केलेले प्रश्न तेवढे घ्यावेत.