एकोणिसावा क्रमांक

पहांटे रंकाळ्याच्या कांठीं घड्याळ पाहत एकटींच धांवणारीं माणसें आपण पाहतों. यांना बक्षीस तरी कोणतें मिळावयाचें, असा प्रश्न मनांत येतो. त्याचें उत्तर शेजारच्या बेळगांवांत सांपडतें. तेथील फडेप्पा दरेप्पा चौगुले १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्यें मॅरेथॉन धांवले. अंतर ४२.७५ किलोमीटर, वेळ सुमारें २ तास ५१ मिनिटें, क्रमांक १९ वा. फिनलंडचा विजेता कोलेहमाइनेन १८ मिनिटें आधींच पोंचला होता. तरीहि चौगुल्यांनीं शर्यत पुरी केली.

या पुरेपणाचें मोल काय? सुमारें ३० किलोमीटरनंतर शरीरांतील शर्करेचा सांठा सरत येतो आणि पाय शिशासारखे जड होतात. प्रारंभीं उतावळेपणा करणाऱ्यास ही घटका लवकर गांठते. म्हणून अंगांत जोर असतां हात राखून धांवणें आणि जोर सरल्यावर न थांबणें, हीच या छंदाची खरी विद्या. नोकरी व प्रपंच सांभाळून महिनोन्महिने पहांटेची झोंप मोडणें हा तिचाच अभ्यास होय. पहिला क्रमांक एकालाच लाभतो. ही विद्या मात्र एकोणिसाव्यासहि पुरतेपणीं साध्य होते.