क्लाऊन माशांची जोडी जुळविताना
खाऱ्या पाण्याच्या टाकीत क्लाऊन मासे पाळणाऱ्यांनी प्रथम हे ध्यानात घ्यावे, की हे मासे जन्मतः नर असतात. त्यांतील सर्वांत मोठा व वरचढ मासा पुढे मादी बनतो. ती पुन्हा नर होत नाही. म्हणून दोन माद्या एकत्र सोडल्यास एकीचा जीव जाण्याचा संभव असतो. मरून जातीत हा धोका विशेष. जोडीसाठी एक मोठा व एक बराच लहान मासा निवडावा. लहान मासा भोके पाडलेल्या पारदर्शक डब्यात घालून डबा मोठ्याच्या टाकीत काही दिवस ठेवावा. तो मोठ्यासमोर अंग थरथरवू लागला, म्हणजे वरचढपणा मान्य झाला असे समजून त्यास दिवसाउजेडी, आपल्या देखत सोडावे. थोडाफार पाठलाग व्हावयाचाच. मात्र पर फाटू लागल्यास त्यास तत्काळ वेगळे काढावे.