तेल वाचलं, बटाटा तेवढाच

गेल्या रमजानच्या आधी पंधरा दिवस सासूबाईंचा रक्ताचा रिपोर्ट आला. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ८.५. डॉक्टरांनी औषधांच्या वेळा सहेरी-इफ्तारप्रमाणे बदलून दिल्या. मीटरवर साखर ७० च्या खाली दिसली तर त्याच क्षणी रोजा सोडायचा, असं बजावलं. खाण्याबद्दल मात्र एकच वाक्य बोलले, "तळलेलं कमी करा, आणि बटाटा, मैदा, भात मोजून घ्या." दवाखान्यातून घरी येईपर्यंत त्या वाक्याचा पहिला भाग तेवढा शिल्लक राहिला. तळलेलं कमी. झालं, कढई वर ठेवली.

आता इफ्तारच्या दस्तरखानावर कांदाभजी नाही, समोसे नाहीत, म्हणजे सासूबाईंचा चेहरा कसा असणार हे वाचक भगिनींना सांगायला नको. त्यातच शारजाहून नणंद आली. येताना एअर फ्रायर घेऊन आली आणि बॅगेत पाचशे ग्रॅमची दोन पाकिटं. पाकिटावर शिंपल्यासारखे, रेघा असलेले पांढरट गोळे. मुलीने सांगितलं, "मम्मी, ही न्योकी. इटलीची. तिकडच्या लिपीत सुरुवातीला ग लिहितात, पण म्हणायचं न्योकी." सासूबाईंनी चष्मा लावून चित्र पाहिलं आणि म्हणाल्या, "लग्नघरात बायका नखुले वळतात, तेच की हे." फार चुकल्या नव्हत्या.

न्योकी म्हणजे उकडलेला बटाटा आणि मैदा यांचे बोटाच्या पेराएवढे गोळे. बटाटा युरोपात आला तोच सोळाव्या शतकात, दक्षिण अमेरिकेतून. त्याआधी इटलीत असे गोळे पिठाचे, रव्याचे, शिळ्या पावाचे होत. रोममध्ये आजही रव्याची न्योकी करतात. रवा दुधात शिजवायचा, ताटात थापायचा, वाटीने गोल चकत्या पाडायच्या आणि लोणी-चीज घालून भट्टीत भाजायच्या. वड्या थापणाऱ्या आपल्या हाताला हे काम नवं नाही. रोममध्ये न्योकीचा वार गुरुवार. व्हेरोना शहरात तर तिच्या नावाचा उत्सव भरतो. इटलीतून अर्जेंटिनाला गेलेल्या लोकांनी ही सवय तिकडे नेली. तिथे दर महिन्याच्या २९ तारखेला न्योकी करतात आणि ताटाखाली एखादी नोट ठेवतात. पगार संपत आलेला असतो, बटाटा-पीठ स्वस्त पडतं. सरकारी कचेरीत फक्त महिनाअखेरीला पगार घ्यायला उगवणाऱ्या माणसालाही तिथे 'न्योकी' म्हणतात. हे ऐकून मुलांचे अब्बा इतके हसले की त्यांच्या ऑफिसात असे किती असतील, ते मी विचारलं नाही.

एक सांगितलं पाहिजे. इटलीत बटाट्याची न्योकी मऊच खातात, टोमॅटोच्या नाही तर लोण्याच्या रसात. कुरकुरीत करणं ही नंतरची हौस. पण इफ्तारला कुरकुरीत काहीतरी हवं होतं, म्हणून आम्ही त्या वाटेला गेलो.

पहिल्या दिवशी फजिती झाली. शारजाच्या यंत्राची पिन चौकोनी, तीन खांबांची. ती अडॅप्टरला लावली, अडॅप्टर मोबाइलच्या एक्स्टेंशन बोर्डला. दहा मिनिटांत प्लॅस्टिक जळल्याचा वास सुटला. एअर फ्रायर १५०० वॅटचा, म्हणजे साडेसहा अँपिअर वीज खेचणारा. साध्या लहान सॉकेटची ताकद सहा अँपिअर. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलावून पिन बदलली आणि गिझरला असतो तसा १६ अँपिअरचा सॉकेट बसवून घेतला. परदेशातून आलेल्या यंत्राबाबत हे आधी करा, पदार्थ मग.

न्योकीचीही तीच गत. पाकिटावर लिहिलं होतं, उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं. आम्ही उकळली, चाळणीत काढली आणि तशीच ओली टोपलीत ओतली, दोन्ही पाकिटं एकदम. वीस मिनिटांनी वरचे गोळे चामट, खालचे एकमेकांना चिकटलेले, टोपलीच्या जाळीत रुतलेले. मुलगी रडकुंडीला आली. मगरिबच्या अजानला खजूर आणि कलिंगडावर भागवलं.

चूक कुठे झाली ते यंत्र कसं चालतं हे पाहिल्यावर कळलं. नाव फ्रायर असलं तरी तो काही तळत नाही. फिलिप्स कंपनीने २०१० मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात या नावाचं यंत्र लोकांपुढे आणलं. वर तापणारी तार, तिच्यामागे पंखा, खाली जाळीची टोपली. म्हणजे लहानशी भट्टीच, फक्त वारा जोराचा. तो गरम वारा पदार्थाच्या अंगावरचं पाणी उडवतो. पाणी असेपर्यंत पदार्थाची कातडी शंभर अंशांच्या वर जात नाही, आणि तांबूस रंग, खमंग वास येतो तो साधारण १४० अंशांच्या पुढे. गोळा ओला असेल तर सगळा वेळ पाणी उडवण्यातच जातो. टोपली गच्च भरली तर वारा फिरायला जागा नाही, आतच वाफ कोंडते. कुरकुरीतपणा तेलातून येतो असं आपण कढईपाशी उभं राहून आयुष्यभर मानत आलो. खरं तर तो कोरडेपणातून येतो. तेल फक्त उष्णता सगळीकडे सारखी पोचवतं.

म्हणून पाकिटबंद न्योकीला उकळायचंच नाही. ती कारखान्यात अर्धी शिजलेली असते. पाकीट फोडून चिकटलेले गोळे सुटे करा. पाचशे ग्रॅमला मोठा दीड चमचा तेल हाताने चोळा, यंत्र २०० अंशांवर तीन-चार मिनिटं रिकामं तापवा आणि गोळे एकाच थरात पसरा. बारा ते पंधरा मिनिटं लागतात. मध्ये दोनदा टोपली हलवायची. मिरपूड, भाजलेल्या जिऱ्याची पूड, मिरची पूड बाहेर काढल्यावर टाका, आत टाकलं तर वाऱ्याने उडतं आणि करपतं. सोनेरी झाले की काढा. तपकिरी होऊ देऊ नका. बटाटा फार तापला की त्यात अ‍ॅक्रिलामाइड नावाचं नको ते द्रव्य वाढतं. याच कारणाने बटाटे फ्रिजमध्येही ठेवू नयेत. थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तो लवकर काळवंडतो.

दुकानात पाकीट दोन-तीनशेला मिळतं, तेव्हा घरीच करणं परवडतं. पाचशे ग्रॅम जुने, पिठूळ बटाटे सालासकट उकडा. कुकरमध्ये थेट पाण्यात न टाकता वर भांड्यात ठेवा, म्हणजे पाणी पीत नाहीत. गरम असतानाच सोलून किसणीने किसा आणि ताटात पसरून वाफ जाऊ द्या. ही पाच मिनिटं वाचवायला जाऊ नका. बटाटा ओला राहिला की मैदा जास्त मागतो, आणि मैदा वाढला की गोळा रबर. सव्वाशे ग्रॅम मैदा आणि लहान चमचाभर मीठ घाला. रोज्यात चव पाहता येत नाही, म्हणून आमच्याकडे मीठ मोजूनच पडतं. हवं तर अंड्याचा एक पिवळा बलक घाला. चपातीच्या कणकेसारखं मळायचं नाही, गोळा जमला की हात थांबवा. बोटाएवढ्या जाड वळ्या करून पेरापेराने कापा आणि काट्याच्या पाठीवरून अलगद ढकला. त्या रेघा नुसत्या शोभेच्या नाहीत. रस त्यात धरतो, आणि कडा जास्त कुरकुरतात.

घरच्या गोळ्यांना मात्र उकळावं लागतं. कच्चे यंत्रात गेले तर आतून पीठ लागतं. मिठाच्या उकळत्या पाण्यात सोडा, वर तरंगले की झाऱ्याने काढा. सुती फडक्यावर पसरून पूर्ण कोरडे करा, तासभर फ्रिजमध्ये ठेवा, मग तेल चोळून यंत्रात. रमजानच्या धावपळीत कच्चे गोळे ताटात सुटे ठेवून फ्रीजरमध्ये कडक करावेत आणि पिशवीत भरावेत. लागतील तसे गोठलेलेच उकळत्या पाण्यात टाकता येतात.

आता आपल्या घरांचा प्रश्न. न्योकीत मुळात हरकतीचं काही नाही, पण पाकिटावरची यादी वाचावी. ई-४७१ असं दिसलं तर ते वनस्पतीपासूनही असतं आणि प्राण्यापासूनही. हलालचा छाप किंवा हिरवा ठिपका असेल तर शंका राहत नाही. खरं लक्ष द्यायचं ते चीजवर. या पदार्थावर किसून घालतात ते इटलीचं पार्मेजान. त्याच्या नियमानुसार त्याला वासराच्या पोटातलं रेनेट लागतंच, आणि ते जनावर कसं कापलं याची नोंद पाकिटावर नसते. याबद्दल ज्यांच्या मनात किंतु आहे त्यांनी हिरव्या ठिपक्याचं भारतीय चीज घ्यावं. चवीत फरक पडतो, नाही म्हणत नाही, पण घास अडत नाही. बाहेर हॉटेलात खाणार असाल तर रश्शात वाइन किंवा डुकराचं मांस आहे का, हे विचारूनच घ्या.

रस आम्ही साधा केला. चार टोमॅटो, लसणाच्या सहा पाकळ्या, थोडं तेल, मीठ. इटलीत यात बेसिलची पानं टाकतात. मुलगी बाजारात शोधत होती. मी तिला अंगणातला सब्जा दाखवला. तेच झाड. फालुद्यात भिजवून घालतो ते बी याचंच. सासूबाई पटकन म्हणाल्या, "कबरीवर लावतात तो? तो जेवणात?" मुलीने एक पान चुरगळून त्यांच्या नाकाशी धरलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण रस दोनदा मागून घेतला.

तिसऱ्या रोज्याला न्योकी छान जमली. बाहेरून कुडकुड, आतून लोण्यासारखी. सासूबाईंनी दोन वाट्या भरून खाल्ली. "तेल नाही ना यात," असं स्वतःलाच सांगत खाल्ली, आणि आम्हीही कौतुकाने वाढत राहिलो. तरावीहच्या आधी, खाल्ल्यावर दोन तासांनी, सवयीप्रमाणे बोट टोचलं. मीटरवर २७४.

त्या रात्री मी आणि मुलगी पाकीट आणि वजनकाटा घेऊन बसलो. अर्धा किलो बटाट्यात साधारण ९० ग्रॅम कर्बोदकं, सव्वाशे ग्रॅम मैद्यात जवळजवळ ९५. गोळे झाले शंभर. म्हणजे एका गोळ्यात दोन ग्रॅमला थोडं कमी. मध्यम चपातीत वीस-बावीस ग्रॅम धरले तर बारा गोळे म्हणजे एक चपाती. सासूबाईंनी खाल्ले होते चाळीसच्या आसपास. कढईत तळले असते तर तेल जास्त गेलं असतं, वजनाला आणि हृदयाला ते वाईटच. पण साखर चढवणारा बटाटा-मैदा दोन्हीकडे सारखाच होता. डॉक्टरांच्या वाक्याचा दुसरा भाग आम्हाला मीटरने ऐकवला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याजवळ बसून सांगितलं, "अम्मी, यंत्राने तेल काढलं, बटाटा नाही काढला." त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे हेही बंद?" बंद नव्हतं करायचं. त्याच टोपलीत नंतर चिकनचे तुकडे भाजायला लागलो, हरभऱ्याची चाट आली, काकडी-टोमॅटो आले. न्योकी आठवड्यातून दोनदाच, आणि त्या दिवशी ताटात चपाती नाही. गोळे बारा, वरून रस हवा तेवढा. पुढच्या वेळी दोन तासांनंतरचा आकडा १८२ आला. सगळं श्रेय बारा गोळ्यांचं नाही, डॉक्टरांनी मध्ये गोळीचं प्रमाणही बदललं होतं.

या रमजानलाही एअर फ्रायर ओट्यावरच आहे. परवा इफ्तारला मुलीने दादीच्या वाटीत न्योकी वाढली आणि पाणी आणायला वळली. सासूबाईंनी चष्मा लावला, बोटाने एकेक गोळा बाजूला सारत मोजला आणि तिला हाक मारली, "ए पोरी, अकराच आहेत."