पीसी फॉरमॅट करताय? आधी लायसन्स कोणाच्या ईमेलवर आहे ते बघा



दुकानातला पीसी स्लो झाला की आपण सहज म्हणतो, "फॉरमॅट मारून टाका." रिपेअरवाला विचारतो, "डेटा काढून ठेवू ना?" आपण हो म्हणतो आणि विषय संपतो. पण डेटा पेनड्राइव्हवर कॉपी होतो, लायसन्स होत नाही. आणि लायसन्सला तर आपण पैसे मोजलेले असतात.

समजा, १८ तारखेला फॉरमॅट केलं. २० तारखेला जीएसटीआर-३बी भरायचंय. टॅली उघडली तर एज्युकेशनल मोड! त्यात फक्त १, २ आणि ३१ तारखेच्याच एन्ट्री होतात. आता धावपळ कोणाची? तुमचीच. म्हणून फॉरमॅटच्या आधी चार गोष्टी तपासा.

१) विंडोज

सेटिंग्जमध्ये ऍक्टिव्हेशन शोधा. तिथे 'डिजिटल लायसन्स' लिहिलेलं असेल तर निम्मं काम झालं. हे लायसन्स तुमच्या मशीनशी, मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेलं असतं. त्याच पीसीवर पुन्हा विंडोज टाकताना की मागितली, तर 'माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही' हा पर्याय निवडायचा. नंतर इंटरनेट लावलं की विंडोज आपोआप ऍक्टिव्हेट होतं.

अट एकच, एडिशन तेच हवं. होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो. गडबड नेमकी इथेच होते. तुमचं लायसन्स होमचं, आणि पेनड्राइव्हमधून टाकलं प्रो. मग ते ऍक्टिव्हेट होत नाही आणि कोणीतरी 'ऍक्टिव्हेटर' मारून देतो. म्हणजे स्वतःचं अस्सल लायसन्स असून तुम्ही चोरीचं विंडोज वापरता! वर ते चालवायला अँटिव्हायरस बंद करावा लागतो, आणि त्याच पीसीवर आपण नेट बँकिंग करतो.

मदरबोर्ड बदलणार असाल तर आधीच लायसन्स मायक्रोसॉफ्ट अकाउंटशी जोडून ठेवा. मात्र ब्रँडेड पीसीसोबत आलेलं लायसन्स सहसा त्याच मशीनपुरतं असतं. वेगळं विकत घेतलेलं रिटेल लायसन्स दुसऱ्या पीसीवर नेता येतं.

२) ऑफिस

वर्ड उघडा, फाइल आणि मग अकाउंटवर जा. तिथे कोणता ईमेल दिसतोय? विकत घेतलेलं ऑफिस बहुतेक वेळा त्या ईमेलच्या अकाउंटला जोडलेलं असतं. फॉरमॅटनंतर त्याच अकाउंटने लॉगिन करून ते पुन्हा डाउनलोड होतं.

३) टॅली

फॉरमॅटच्या आधी, इंटरनेट चालू असताना, लायसन्स 'सरेंडर' करा. विंडोज टाकून झालं की पुन्हा ऍक्टिव्हेट करा. त्यासाठी सीरियल नंबर आणि नोंदवलेला ईमेल लागतो. अनलॉक की त्याच ईमेलवर येते.

४) डिझाइनची सॉफ्टवेअर

फोटो स्टुडिओ किंवा फ्लेक्स प्रिंटिंगचा धंदा असेल तर हे खास तुमच्यासाठी. अडोबीचा वैयक्तिक प्लॅन एका वेळी दोनच कॉम्प्युटरवर ऍक्टिव्हेट राहतो. फॉरमॅटच्या आधी साइन आउट करा, म्हणजे जुनी नोंद जागा अडवून बसणार नाही.

आता एक गोष्ट लक्षात आली का? ऑफिस असो, टॅली असो की अडोबी, शेवटी प्रश्न एकच येतो: ईमेल कोणाचा? बऱ्याच दुकानांत तो सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्याचा असतो, नाहीतर काम सोडून गेलेल्या अकाउंटंटचा. पावती तुमच्या नावावर, पण किल्ली दुसऱ्याच्या खिशात. दुकानाचं शटर आपण असं कोणाच्या भरवशावर सोडतो का?

म्हणून दुकानाच्या नावाने एक वेगळा ईमेल काढा. रिकव्हरी नंबर मालकाचा ठेवा, स्टाफचा नको. आणि वहीच्या एका पानावर लिहा: सॉफ्टवेअरचं नाव, एडिशन, सीरियल नंबर, ईमेल, खरेदीची तारीख. पासवर्ड मात्र या पानावर नको. पानाचा मोबाइलवर फोटो काढा, पावत्या त्याच फाइलला लावा.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे अनेकांना विंडोज ११ टाकून घ्यायचंच आहे. पीसी रिपेअरवाल्याकडे देण्याआधी हे पान भरा. आणि देताना स्पष्ट सांगा, "भाऊ, एडिशन हेच टाका, ऍक्टिव्हेटर नको."

आज दुकान बंद करायच्या आधी फक्त पहिली ओळ भरा. बाकीच्या उद्या.