कृपासदनाचं दार : छळातून उठताना श्रद्धा नेमकं काय करते?

मागच्या व्याख्यानानंतर खुर्च्या आवरत असताना आमच्या टेबलावर एक घडी केलेली चिठ्ठी सापडली. खाली नाव नव्हतं. मजकूर एवढाच होता : ‘बारा वर्षं मार खाते आहे. मंडळीतले वडीलधारे म्हणतात, प्रार्थना कर, तो बदलेल. प्रार्थना करते. अजून किती दिवस?’

आजचा विषय आम्ही दुसराच ठरवला होता. तो बाजूला ठेवला. ख्रिस्ती श्रद्धेने दुःखातून बळ मिळतं, असं आपण सगळेच म्हणतो. साक्षीच्या सभांमधून ऐकतो. पण हे बळ कशासाठी मिळतं? मार सोसत राहण्यासाठी, की उठून उभं राहण्यासाठी? हा प्रश्न नीट सोडवला नाही, तर श्रद्धेच्या नावाखाली एखाद्या बाईचा जीव जाऊ शकतो. म्हणून आज एका माणसाच्या आयुष्यातून तो सोडवून बघू. ते आयुष्य पंडिता रमाबाईंचं.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं, पुढे मुलीलाही शिक्षण मिळालं. कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत फिरायचं. होतं नव्हतं ते दानधर्मात गेलं, मग उपासमार आली. १८७४ मध्ये आधी वडील गेले, पाठोपाठ आई, आणि पुढे मोठी बहीण. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या. त्या आणि भाऊ श्रीनिवास पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास यांच्याशी नोंदणी पद्धतीने, जातीबाहेर लग्न झालं. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने वारले. तेवीस वर्षांची विधवा, मांडीवर तान्ही मुलगी, आणि पाठीशी माहेर-सासर कोणीच नाही.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. रमाबाई खचलेल्या अवस्थेत कुठल्या तरी आधारासाठी ख्रिस्ती झाल्या, असं आपण सहज बोलून जातो. तसं घडलेलं नाही. पती गेल्यावर त्याच वर्षी त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं, हंटर आयोगापुढे साक्ष दिली. म्हणजे उभं राहण्याची ताकद त्यांच्यात आधीपासून होती. मग श्रद्धेने काय दिलं?

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या धर्मभगिनींकडे राहिल्या. या भगिनी लंडनच्या फुलम भागात एक घर चालवत. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांसाठी ते घर होतं. रमाबाईंनी तिथे पाहिलं, की या बायकांशी कोणी तुसडेपणाने वागत नाही. त्यांना आश्चर्य वाटलं. अशा बायकांना शिक्षा करायची, हाकलायचं, हेच त्यांनी आजवर शास्त्रांत वाचलं होतं आणि समाजात पाहिलं होतं. असं का वागता, हे विचारल्यावर एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. शोमरोनी स्त्रीची गोष्ट.

गोष्ट आपल्याला माहीत आहे. भर दुपारी एकटी बाई विहिरीवर येते. पाच नवरे झालेले, आता ज्याच्याबरोबर राहते तो नवरा नव्हे. येशू तिच्याकडे पाणी मागतो. यहूदी माणूस, शोमरोनी बाईच्या हातचं पाणी! आपल्याकडे पाण्याचा अर्थ काय असतो, हे सांगायला नको. मग तो तिच्याशी थेट देवाविषयी बोलतो, उपासना कुठे करावी याची चर्चा करतो. तिचं आयुष्य त्याला ठाऊक आहे, पण त्यावरून तो तिला झिडकारत नाही. ती घागर तिथेच टाकून गावात जाते आणि लोकांना बोलावून आणते.

रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत या प्रसंगाचं महत्त्व स्वतः नोंदवून ठेवलं आहे. त्या वर्षीच्या २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. श्रद्धेचं पहिलं काम इथे दिसतं. ज्याच्यावर अत्याचार होतो, त्याच्या मनात हळूहळू एकच वाक्य घर करून बसतं : ‘माझीच लायकी नाही.’ मारणारा ते रोज ऐकवतो, शेजारी कुजबुजतात, शेवटी ते खरं वाटू लागतं. विहिरीवरची गोष्ट नेमकं तेच वाक्य खोडते. तुझी किंमत नवऱ्याने, सासरने, गावाने ठरवायची नाही. ती आधीच ठरलेली आहे. हे एकदा आत उतरलं, की माणूस ताठ बसतो. पुढचं सगळं त्यानंतर.

दुसरं काम म्हणजे प्रश्न विचारायचं धैर्य. बाप्तिस्मा घेतला म्हणून रमाबाईंनी विचार करणं सोडलं नाही. वाँटेजच्या भगिनींशी त्यांचे पत्रांतून कडाक्याचे वाद झाले. पुरोहितांच्या जोखडातून नुकती सुटले आहे, आता दुसरं तसलंच जोखड मानेवर घेणार नाही, असा त्यांचा सूर होता. विवेकबुद्धी कोणाच्या हाती देणार नाही, यावर त्या ठाम राहिल्या. श्रद्धा खरी असेल तर ती माणसाला अधिक मोकळं करते, हे यातून कळतं.

तिसरं काम : मिळालेलं बळ दुसऱ्यांपर्यंत पोचवणं. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. सुरुवातीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, पुढे त्या धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या. त्या हिंदूच राहिल्या. मात्र १८९३ मध्ये वाद पेटला. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, मग संस्था धर्माबाबत तटस्थ कशी, असा आक्षेप होता. रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. आक्षेप घेणारे सगळेच दुष्ट नव्हते, हेही आपण प्रामाणिकपणे मान्य करू. पण ज्या मुलींना परत जायला घरच नव्हतं, त्यांच्यासाठी दार उघडं राहिलं.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. सरकारी छावण्या आणि अनाथगृहं त्यांनी स्वतः हिंडून पाहिली. भुकेल्या मुलींचा गैरफायदा घेणारे तिथेच होते, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. शेकडो मुली, बायका त्यांनी केडगावला आणल्या. तिथे मुक्तिसदन उभं राहिलं. १९०० च्या सुमारास राहणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. आणि त्यातच एक वेगळा विभाग होता, कृपासदन. लैंगिक अत्याचार झालेल्या, फसवलेल्या, टाकून दिलेल्या बायकांसाठी. फुलमला पाहिलेलं ते घर अखेर पुणे जिल्ह्याच्या मातीत उभं राहिलं होतं.

आता बघा, तिथे आलेल्या बाईला काय मिळायचं? प्रार्थना होतीच. पण त्याबरोबर डोक्यावर छप्पर, पोटाला अन्न, औषध, अक्षरओळख आणि हाताला काम. शेती, विणकाम, छापखाना. अंध मुलींसाठी ब्रेल. ‘देव तुझ्यावर प्रेम करतो’ एवढं सांगून रमाबाईंनी कोणाला दारातून परत पाठवलं नाही. जिला रात्री झोपायला सुरक्षित जागा नाही, तिच्यापर्यंत ते प्रेम जागेच्या रूपानेच पोचतं.

इथे आपल्याला चिठ्ठीकडे परत यावं लागेल. कारण आपल्या मंडळ्यांमधून काही शास्त्रवचनं अशी वापरली जातात, की ती मार खाणाऱ्याच्याच पाठीवर बसतात. तीन उदाहरणं घेऊ.

पहिलं, ‘आपला वधस्तंभ उचल.’ येशूने दुःख सोसलं, तूही सोस. पण योहान अठराव्या अध्यायात महायाजकासमोर शिपाई येशूच्या थोबाडीत मारतो, तेव्हा येशू काय करतो? तो त्या शिपायालाच विचारतो, मी चुकीचं बोललो असेन तर दाखव, नाहीतर मारलंस का? म्हणजे मार मुकाट्याने पवित्र ठरवला जात नाही, मारणाऱ्याकडे जाब मागितला जातो. वधस्तंभ त्याने स्वतः, जगासाठी पत्करला. दारू पिऊन आलेल्या माणसाचा पट्टा हा कोणाचाच वधस्तंभ नव्हे.

दुसरं, ‘क्षमा कर.’ क्षमा हवीच. पण क्षमा आणि परत जाणं या दोन गोष्टी आहेत. दाविदाकडे बघा. शौल राजा त्याच्यावर भाला फेकतो. दावीद तिथे उभा राहून प्रार्थना करत बसत नाही, बाजूला होतो आणि पळतो. पुढे शौल त्याच्या हाती सापडतो, तेव्हा दावीद त्याला मारत नाही, सोडून देतो. शौल रडतो, चूक कबूल करतो. आणि नंतर? शौल आपल्या घरी जातो, दावीद मात्र आपल्या गडावर. सूड नाही, पण राजवाड्यात परत जाणंही नाही. अश्रू आणि पश्चात्ताप यांत अंतर असतं. पश्चात्ताप वागण्यात दिसावा लागतो आणि त्याला वेळ लागतो.

तिसरं, ‘पतीच्या अधीन राहा.’ इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय काढा आणि एक ओळ वरून वाचायला लागा. तिथे एकमेकांच्या अधीन असण्याविषयी लिहिलं आहे. आणि त्यापुढे सर्वांत जास्त मजकूर नवऱ्यासाठी आहे : ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं तसं प्रेम कर. हा भाग वगळून उरलेला वाचणं म्हणजे शास्त्र अर्ध्यावर कापणं.

चर्चचे कायदेही हेच सांगतात. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतलं ११५३वं कलम म्हणतं, की जोडीदारामुळे शरीराला किंवा मनाला गंभीर धोका असेल, तर दुसऱ्याला वेगळं राहण्याचं रास्त कारण आहे. देशाच्या कायद्याला मात्र इथवर यायला वेळ लागला. १८६९ च्या घटस्फोट कायद्यानुसार ख्रिस्ती बाईला केवळ क्रूरतेच्या कारणावर घटस्फोट मिळत नसे, सोबत व्यभिचारही सिद्ध करावा लागे. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही अट काढून टाकली आणि २००१ च्या दुरुस्तीने क्रूरता हे स्वतंत्र कारण झालं.

पण घटस्फोटापर्यंत न जाताही संरक्षण मिळतं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे. शिवीगाळ, पैशांची अडवणूक, लैंगिक जबरदस्ती हीसुद्धा त्यात हिंसा आहे. राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे, घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी. आणि संरक्षण अधिकाऱ्याला माहिती त्या बाईनेच द्यावी असं नाही. शेजारी देऊ शकतो, पाळक देऊ शकतात. महिलांसाठी १८१, पोलिसांसाठी ११२, मुलांसाठी १०९८ हे क्रमांक प्रत्येक मंडळीच्या सूचनाफलकावर असायला हवेत. आणि पाळकांना एक विनंती : अशी बाई आली तर लगेच नवरा-बायकोला समोरासमोर बसवून समेट करू नका. तुमच्यासमोर ती जे खरं बोलेल, त्याची शिक्षा तिला घरी गेल्यावर मिळते.

शेवटी, चिठ्ठी लिहिणाऱ्या ताईंसाठी. ताई, ‘किती दिवस?’ हा तुमचा प्रश्न अश्रद्धेचा नाही. तेराव्या स्तोत्राची सुरुवातच त्या प्रश्नाने होते. म्हणजे तुम्ही विचारलंत ते प्रार्थनेच्या भाषेतच विचारलंत. प्रार्थना सोडा, असं आम्ही म्हणणार नाही. पण नवरा बदलावा म्हणून बारा वर्षं केलीत, आता स्वतःला बळ मिळावं म्हणून करा. जिच्यावर पूर्ण विश्वास आहे अशा एका व्यक्तीला सगळं सांगा. आधार कार्ड, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, बँकेचं पासबुक एका पिशवीत भरून त्या व्यक्तीकडे ठेवा. दवाखान्यात गेलात तर ‘जिन्यावरून पडले’ म्हणू नका, खरं सांगा. त्याची नोंद होते आणि पुढे कामी येते. निघायचं कधी, हे तुम्हीच ठरवायचं. बाहेर पडताना धोका वाढू शकतो, म्हणून एकट्याने, रागाच्या भरात पाऊल उचलू नका.

आणि आपण बाकीच्यांनी काय करायचं? रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. त्याआधी काही महिने मनोरमाही गेली होती. आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा, मुलगी, सगळी माणसं गेलेली ही बाई शेवटपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतराचं काम करत राहिली, आणि केडगावचं दार बंद झालं नाही. आपल्या प्रत्येक मंडळीत एक खोली, एक खाट आणि विश्वासाने बोलता येईल अशी एक बाई, एवढं तरी आहे का, ते या रविवारी घरी जाण्याआधी विचारा. उत्तर ‘नाही’ आलं, तर कामाला तिथूनच लागू.